हौसाकाकूंचा दगडी भाऊ

खोली बघायला गेले तेव्हा हौसाकाकूंनी माझा पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. दारात उभं करून पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चढ चढतीस का?"

मला वाटलं लिफ्ट बंद असेल. म्हटलं, "कितव्या मजल्यावर आहे खोली?"

"मजल्याचं न्हाई इचारत. डोंगराचं इचारतीया. आमच्या माहेरी लेनी हायेत. भाऊबीजेला समद्या भाडेकरनींना नेती मी तितं. दम लागनाऱ्या पोरी न्हाई ठेवत."

मी वाशिमकडची. चढाचा माझा अनुभव म्हणजे एसटीच्या पायऱ्या. पण हिंजवडीत कंपनीच्या जवळ, उजेडाची, पाण्याची खोली मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याला शोधावी लागली त्यालाच विचारा. मी धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, "काकू, मला डोंगरांची लहानपणापासून आवड आहे."

"पाय बगून वाटत न्हाई," काकू म्हणाल्या, आणि किल्ली दिली.

ती इमारत काकूंच्या सासरच्या शेतात उभी होती. खाली काकू आणि काका, वर सगळ्या नोकरीवाल्या मुली. काका दिवसभर गच्चीवर कबुतरं हाकलत. कबुतरं त्यांना घाबरत नसत, आणि काका कबुतरं सोडून बाकी सगळ्यांना घाबरत, त्यामुळे इमारतीचा कारभार काकूंकडे. साठी ओलांडलेली, अंगानं काटक बाई. नऊवारी घट्ट, आवाज त्याहून घट्ट. सकाळी कंपनीच्या कॅब दारात हॉर्न वाजवायला लागल्या की काकू खालून एकेकीला नावानं हाक मारत. त्या हाकेनं माझीच काय, शेजारच्या टॉवरमधल्या लोकांचीही झोपमोड होई. तिथल्या एका गृहस्थानं एकदा तक्रार केली. काकू म्हणाल्या, "तुमाला बी उठवायचं असंल तर नाव सांगा." तो बिचारा परत दिसला नाही.

पण या बाईचं एक विलक्षण होतं. घर तिचं, खोल्या तिच्या, पण आमच्या खोलीत ती बोलावल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. "या काकू" म्हटलं तरच आत. याचा पक्का अनुभव आम्हाला आला तो नळाच्या दिवशी. माझ्या खोलीत तृप्ती होती, सांगलीची. एका सकाळी मोरीतला नळ तिच्या हातातच निघून आला. पाणी असं उसळलं की तृप्ती दोन्ही तळहातांनी ते भोक दाबून किंचाळायला लागली. मी गॅलरीतून ओरडले. काकू पाना घेऊन धावत वर आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

"काकू, नळ!" तृप्ती ओरडली.

"दिसतोय की."

"अहो पाणी!"

"ते बी दिसतंय."

पाणी खोलीतून वाहत त्यांच्या पायापर्यंत आलं. त्यांनी निऱ्या चार बोटं वर घेतल्या आणि तशाच उभ्या. शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "काकू, या ना आत."

"हां, आता आले," म्हणत काकू आत शिरल्या आणि मिनिटभरात नळ बसवून मोकळ्या झाल्या. मी चिडले होते. माझी गादी भिजली होती. म्हटलं, असल्या वेळी कसला मानपान? तर पाना कमरेला खोचत म्हणाल्या, "बोलावल्याबिगर जेवाया जाऊ न्हाई, आन सांगितल्याबिगर रडाया जाऊ न्हाई. नळ काय, आज हाय उद्या न्हाई." मी टेस्टिंगमध्ये काम करते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. पण काकूंपुढे माझी मती गुंग व्हायची.

त्या वर्षी दिवाळीत मला रजा मिळाली नाही. साहेबांच्या देशात दिवाळी नसते, त्यामुळे त्यांची कामं चालूच. तृप्तीचंही तसंच. ज्या मुलींना घरी जायला मिळायचं नाही त्यांना काकू "शिल्लक माल" म्हणत. भाऊबीजेच्या सकाळी शिल्लक माल एका ओळखीच्या कॅबमध्ये भरून काकू निघाल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत ताट, निरांजन आणि करंज्यांचा डबा. पौड गेलं, माले गेलं, मग गाडी आत वळली. दोन्ही बाजूंना भातखाचरं पिवळीधमक. कुठे कापणी चाललेली, कुठे भारे बांधून ठेवलेले. काकू खिडकीतून डोकं काढून दिसेल त्या माणसाला "काय, कापलं का?" विचारत होत्या. लोक हसून हात करायचे. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "काकू, आमदारकीला उभं राहायचंय का?"

गाव समोर दिसत होतं. गावातून एक सरळ पायवाट डोंगरावर चढलेली दिसत होती. पण काकूंनी गाडी गावाच्या अलीकडेच थांबवली आणि आम्हाला वळसा घालून भलत्याच उभ्या चढणीला लावलं. माझ्यातला टेस्टर जागा झाला. म्हटलं, "काकू, ती समोरची वाट सोपी दिसते की."

"तिकडं कुत्री हायेत."

"कुत्र्यांना हाकलू की."

"चल मुकाट्यानं. म्हन लहानपनापास्नं आवड हाय."

त्या चढावर माझं खोटं उघडं पडलं. कारवीच्या झुडपांना धरून धरून मी वर गेले. जिथं काही धरायला नव्हतं तिथं तृप्तीची ओढणी धरली. काकू साध्या चपला घालून, ताटाची पिशवी डोक्यावर ठेवून पुढे. वर उभ्या राहून आम्हाला म्हणायच्या, "या, या. पोचताय का रातच्याला?"

लेणी म्हणजे फार मोठं काही नाही. कातळात कोरलेल्या तीन-चार खोल्या, बसायला दगडी ओटे, एक थंडगार पाण्याचं टाकं. बाहेर सरकारी पाटी आहे, ती गंजून कोरी झालेली. त्यामुळे इतिहास काकूंच्या हातात. त्या सांगायच्या की ही पांडवांनी एका रात्रीत कोरली आणि अर्धी राहिली. का राहिली, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून. गावाकडच्या लोकांना त्या कोंबडा आरवला असं सांगत. आम्हाला म्हणाल्या, "भीमाला भूक लागली. आन धर्मराज म्हनला उद्या करू. तुमच्या हापिसात न्हाई का, तसं." तृप्तीनं विचारलं, "काकू, पण ही तर बौद्ध लेणी आहेत ना? भिक्खू राहायचे इथे." काकूंनी एक क्षणही घेतला नाही. "ऱ्हायचे की. पांडवांनी भाड्यानं दिलीवती."

मधल्या खोलीच्या दाराशी एक द्वारपाल आहे. गुडघ्याएवढा ओटा, त्यावर मांडी घालून बसलेला, ढेरपोट्या, गालफुगा, नाकाचा शेंडा तुटलेला. काकूंनी त्याच्यापुढची जागा पदरानं झाडली. पाण्याचा हात फिरवून त्याचा चेहरा पुसला, लहान पोराचा पुसतात तसा, खसाखसा. मग पिशवीतून धुतलेला रुमाल काढून त्याच्या डोक्यावर घातला, कारण उघड्या डोक्यानं ओवाळून घेत नाहीत. निरांजन लावलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि त्या दगडाला यथासांग ओवाळलं. करंजी त्याच्या ओठांना लावून आम्हाला वाटली.

मला वाटलं इकडची पद्धत असेल. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, इकडे डोंगरात दगडाला ओवाळत असतील. मी हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला भाऊ नाही?"

"हाय की. न्हाई कशाला?" काकू म्हणाल्या आणि लेण्याच्या कडेला जाऊन बसल्या.

तिथून गाव पायाशी दिसतं. काकूंनी डोळ्यावर हात धरला आणि त्यांचं सुरू झालं. "पत्रा अजून बदलला न्हाई. ती बग, पारू वाळवन घालतीया. एवढ्या उन्हात डोक्यावर पदर न्हाई तिच्या. गोठा पार रिकामा दिसतुया. म्हशी इकल्या वाटतं." आमच्याकडे पाठ करून, खालच्या एकाच घराच्या अंगणात त्यांची नजर रुतून बसली होती. ते घर त्यांच्या भावाचं, आणि पारू म्हणजे भावजय. गावातली सोपी पायवाट त्याच अंगणातून वर येत होती. कुत्री-बित्री काही नव्हती.

"मग जाऊ या ना खाली," तृप्ती भाबडेपणानं म्हणाली. "आलोच आहोत तर."

काकूंनी मान वळवून बघितलं. "बोलावल्याबिगर?"

उतरताना त्यांनी स्वतःच सांगितलं. भावाचं नाव नामदेव, काकूंपेक्षा बराच धाकटा. काकू त्याला नामा म्हणत, तो त्यांना आक्का म्हणे. शेळ्या चारायला दोघं या लेण्यांत यायची. नामा तेव्हा गुटगुटीत, आणि तो द्वारपाल नामासारखाच दिसतो असं म्हणून काकू त्याला रडवायच्या. तर या नामाला डोंगराखालची खाचरं विकायची होती. वडिलांची जमीन विकायची म्हणजे बहिणींनी हक्क सोडल्याची सही करावी लागते. आमच्याकडेही हेच. आणि सगळीकडे रीत अशी, की भावानं स्वतः बहिणीच्या घरी जायचं, साडीचोळी घ्यायची, दोन घास जेवायचं आणि मग कागद पुढे ठेवायचा. बहिणी सही करतात. बहुतेक बहिणी कागद वाचतसुद्धा नाहीत.

"मी बी केली असती गं," काकू म्हणाल्या. "जमीन काय मला डोक्यावर घिऊन जायचीया? पर त्यानं एजंटाच्या हाती कागद धाडला. मोटारसायकल बंद बी केली न्हाई त्या एजंटानं. दारात उभा ऱ्हाऊन म्हनतो, मावशी, हितं अंगठा नायतर सही. मी म्हनलं, माज्या भावाला पाय न्हाईत का?"

सही झाली नाही. व्यवहार अडला. नामदेव म्हणाला, आक्काला जमीन हवी आहे. आक्का म्हणाली, नाम्याला बहीण नको आहे. दोघंही एकाच मातीची, सुंभ जळला तरी पीळ कुणाचाच जाईना. तेव्हापासून माहेर बंद. आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला काकू भाडेकरणींना लेणी दाखवायला नेऊ लागल्या. नुसतं माहेरचं अंगण बघायला एवढा डोंगर चढायचा म्हणजे लोक हसतील, म्हणून लेण्यांचं निमित्त आणि आम्ही बकऱ्या. मला राग यायला हवा होता. गुडघे ठणकत होते. पण मला रडूच आलं. मी ते ढोपर धरून रडत असल्यासारखं दाखवलं.

पुढच्या उन्हाळ्यात नामदेवचा मुलगा संदीप प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन आला. काकूंनी त्याला बसवून घेतलं, डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, पन्हं दिलं, जेवायला घातलं. निघताना फोल्डर जसंच्या तसं हातात ठेवलं. "बापाला म्हनावं, पाय शाबूत असले तर ये. मोडले असले तर सांग, मी येते बगायला."

दोन दिवसांनी संदीपचा फोन आला. काकू स्पीकरवरच बोलत, कारण फोन कानाला लावला की त्यांना गुदगुल्या होत. बापाचा निरोप होता : आधी सही, मग पाय.

काकूंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी काकांनासुद्धा कबुतरं हाकलायला मनाई केली. "बसू द्या त्यांना. कुनी तरी येतंय घरी."

दुसऱ्या वर्षी आम्ही लेण्यात पोचलो तर तिथे आधीच एक मुलगा होता. पुण्याचा, अनिरुद्ध नावाचा, डोक्यावर भली मोठी गोल कापडी टोपी, गळ्यात कॅमेरा. तो सुट्टीच्या दिवशी लोकांना जुन्या वास्तू दाखवायला नेत असे. मुलगा सभ्य. काकूंचं ओवाळून होईपर्यंत चप्पल काढून बाजूला उभा राहिला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "मावशी, ही प्रथा फारच दुर्मीळ आहे. किती जुनी असेल?"

मी काकूंकडे बघितलं. खरं सांगायचं म्हणजे भावाचं भांडण एका परक्या पोरापुढे उघडं करायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकूंनी पदर सारखा केला. "लई जुनी."

"म्हणजे साधारण?"

"द्रौपदीनं सुरू केली."

"आणि गावातल्या सगळ्या बहिणी येतात?"

"यायच्या. आता काय, ज्याची त्याला पडलीया."

अनिरुद्धचे डोळे भरून आले. अशा लोप पावणाऱ्या परंपरा जपायला हव्यात, असं तो म्हणाला. जपा म्हणाल्या काकू, आणि त्याला दोन करंज्या दिल्या. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण काकूंची करंजी तोंडात असताना बोलणं शक्य नसतं.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही भाऊबीजेला गेलो तर गावाच्या अलीकडे एक मोठी बस उभी. आमच्या उभ्या चढणीवरून वर पोचलो आणि बघतो तर काय, लेण्यापुढे बायकांची रांग! पैठण्या, नथी, गॉगल, पायात बूट, आणि प्रत्येकीच्या हातात सजवलेलं ताट. पुढे तो गोल टोपीवाला अनिरुद्ध उभा राहून खणखणीत आवाजात सांगत होता, "द्रौपदीपासून चालत आलेली, दगडी भावाची भाऊबीज! या खोऱ्यात ज्या बहिणींना भाऊ नसे, त्या या द्वारपालाला ओवाळत असत." आणि एकेक बाई पुढे होऊन द्वारपालाला कुंकू लावत होती. बिचाऱ्याचं कपाळ संपून कुंकू गालांवर आलं होतं. डोक्यावर कुणीतरी जरीचा फेटा घातला होता. एकीनं त्याच्यापुढे ड्रायफ्रूटचा डबा ठेवला होता. कुणी फोटो काढत होतं, कुणी फोटोत येत होतं.

काकू जागीच थिजल्या. मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि रांग चिरत पुढे गेल्या.

"ए बायांनो! सरका! माज्या भावाला तुमी का ओवाळताय?"

"मावशी, रांगेत या," एक नथवाली म्हणाली.

"रांगेत? भाऊ माजा आन रांगेत मी?"

अनिरुद्धनं त्यांना ओळखलं. त्याचा चेहरा फुलला. "अरे, याच त्या मावशी! भाऊ नसलेल्या बहिणींची ही परंपरा यांनी एकट्यानं..."

"भाऊ नसल्याली कोन रं?" काकू अशा कडाडल्या की टाक्यातलं पाणी हललं असेल. "माजा भाऊ जित्ता हाय! त्यो खाली ऱ्हातो! ते काय त्याचं घर! हजार वर्सं जगंल त्यो!"

"मग त्याला सोडून ह्या धोंड्याला का ओवाळतीस?"

आवाज मागून आला. सगळ्या बायका वळल्या. सोप्या पायवाटेनं एक माणूस वर आला होता. मळकी बंडी, डोकं उघडं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगाला भाताचा तूस. ढेरी आणि गाल बघितल्यावर ओळख करून द्यायची गरज नव्हती. द्वारपालाला नाक लावलं की नामदेव.

नामदेव पुढे म्हणाला, "सकाळधरनं भात कापू देईनात ह्या बाया. एक गेली की दुसरी. काका, दगडी भावाकडं कुटनं जायाचं? काका, दगडी भाऊ कुटं बसतो? म्हनलं कोन ह्यो भाऊ, बगावं तरी. आक्का, दर वर्सी डोंगरावर येतीस ते मला ठावं हाय. मला वाटायचं जमिनीवर ध्यान ठिवाया येतीस."

"जमीन जाळायचीया मला?" काकूंचा आवाज फुटला. "तुला बगाया येती मी, मेल्या. तू गोठ्यात जातोस, तू अंगनात खोकतोस, हितनं दिसतं समदं."

"मग खाली का न्हाई आलीस?"

"बोलावलंस का?"

"बहिनीला माहेरी याया आवतन लागतं व्हय?"

"कागद धाडाया मानूस गावला तुला, आन आवतन धाडाया गावला न्हाई? ह्यो धोंडा बरा. नाक तुटल्यालं हाय, पर निदान बसल्या जागी गावतो तरी."

त्या पैठण्यांपैकी दोघी-तिघी आधीच डोळे पुसत होत्या. नामदेवनं एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा द्वारपालाकडे. मग तो चालत पुढे गेला, ड्रायफ्रूटचा डबा पायानं बाजूला सारला आणि द्वारपालाच्या शेजारी मांडी घालून बसला. तोंड दुसरीकडे. "ओवाळ," म्हणाला.

काकूंनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. निरांजन लावताना दोन काड्या मोडल्या. तृप्तीनं पेटवून दिलं. ताट उचललं आणि काकू थबकल्या.

"उघड्या डोक्यानं?"

नामदेवनं खिसे चाचपले. रुमाल नव्हता. भात कापता कापता आलेला माणूस, टोपी बांधावर राहिलेली. द्वारपालाचा फेटा काढावा तर त्या नथवाल्या बाईनं तो पिनांनी घट्ट बसवलेला. शेवटी अनिरुद्धनं आपली ती गोल कापडी टोपी काढली आणि अपराध्यासारखी पुढे केली. ती नामदेवच्या डोक्यावर घातली तर थेट भुवयांपर्यंत आली, आणि हनुवटीखाली तिची दोरी लोंबत राहिली. अशा थाटात, फेटेवाल्या दगडाशेजारी बसून, नामदेवनं बहिणीकडून ओवाळून घेतलं. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं. शेवटी दोन्ही एकदम आलं आणि त्याचा जो आवाज झाला त्यानं सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

काकू रडल्या. डोळ्याला पदर लावून हळूच नाही, चांगल्या ओक्साबोक्शी रडल्या. रडता रडताच कुंकू लावलं, करंजी त्याच्या तोंडात कोंबली, आणि ताट पुढे धरलं.

"ओवाळनी?"

नामदेवनं पुन्हा खिसे चाचपले. सगळ्या खिशांत मिळून एकच वस्तू निघाली. तंबाखूची पुडी. त्यानं ती ताटात ठेवली.

"अजून खातोस?" काकूंचं रडं तिथल्या तिथं थांबलं. "मेल्या, दात बग तुजं! बा गेला कशानं, इसरलास?" पुडी उचलून त्यांनी कमरेला खोचली. "ही ओवाळनी मी घेतली. आता परत मागायची न्हाई."

"आक्का, एक चिमूट तरी..."

"एक चिमूट न्हाई."

नामदेव टोपीखालून बहिणीकडे बघत राहिला. मग सगळ्यांसमोर, मोठ्यानं, जसं काही गावात दवंडी द्यायची आहे तसं म्हणाला, "आक्का, घरी चल. आवतन देतुया मी. पारूनं नव्या तांदळाचा भात टाकलाय. जेवाया चल."

काकू ताट त्याच्या हाती देऊन सोप्या पायवाटेला लागल्या. नामदेव ताट घेऊन मागे, टोपी तशीच डोक्यावर. आम्हाला दोघंही साफ विसरली. अर्ध्या उतारापर्यंत काकूंचा आवाज ऐकू येत होता, पत्रा का बदलला नाहीस, म्हशी का विकल्यास, पोराचं लग्न कधी करतोस. मग आवाज थांबला. लेण्यातून आम्ही बघत होतो. अंगणाच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. भावजय पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन धावत बाहेर आली, ओवाळून तुकडा टाकला, पायांवर पाणी घातलं. आणि मग, आत जायच्या आधी, काकू डोंगराकडे वळल्या आणि ती आमची रोजची हाक आली. एवढ्या वर पोचली ती.

"ए पोरींनो! त्या बायांना बी घिऊन या! जेवाया या आमच्या घरी!"

पारूबाईंनी कपाळाला हात लावलेला वरूनसुद्धा दिसला.

अख्खी बस जेवली. पैठणीवाल्या बायका अंगणात मांडी घालून वरण-भात ओरपत होत्या, कालवणाला वांगी कमी पडली म्हणून शेजारच्या घरातून आली. अनिरुद्ध कोपऱ्यात बसून काकूंची पुनःपुन्हा माफी मागत होता. "मावशी, मी सगळीकडे द्रौपदी लिहिलं आहे."

"असू दे. तिला बी भाऊ व्हता," काकू म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर संदीप हळूच ते फोल्डर घेऊन आला. मला वाटलं, आता सगळं परत विस्कटणार. नामदेवनं पोराला डोळ्यांनी दटावलं, पण काकूंनी बघितलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"सही करनार हाय मी. पर आज न्हाई. पुढल्या भाऊबीजेला."

"म्हंजी आनिक एक वरीस?" नामदेव म्हणाला.

"व्हय. तवर तू येत ऱ्हा हिंजवडीला. म्हैन्याच्या म्हैन्याला. चहा पी, जेव, सहीचं काय झालं इचार आन जा."

"आन सही झाल्यावर?"

"मग तुजी मर्जी. सही एकडाव केली की झाली. भाऊ दर वर्सी लागतो."

नामदेव हसायला लागला आणि पारूबाई, संदीप, शेजारपाजारचे सगळेच हसायला लागले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी ती खोली सोडली, नोकरी बदलली. काकूंना नंतरही कितीदा तरी भेटले, भांडले. पण त्यांची आठवण आली की मला दिसतात त्या दुपारच्या काकू. आम्ही निघायला उठलो तर काकू म्हणाल्या, मी न्हाई येत, मी दोन दिस ऱ्हानार. पारूबाई वाटीत खोबरेल घेऊन आल्या, ओट्यावर बसल्या, आणि काकूंना पुढ्यात पायरीवर बसवून त्यांचा अंबाडा सोडला. त्या कडक बाईचे केस मी कधी मोकळे पाहिले नव्हते. विरळ, पांढरे, लहान मुलीच्या केसांसारखे. काकू डोळे मिटून आम्हाला हुकूम सोडत होत्या : किल्ली काकांच्या हाती देऊ नका, ते हरवत्यात. दूधवाल्याला दोन दिस न्हाई सांगा. गॅस बंद करून झोपा.

"आन ऐका," त्या म्हणाल्या, "वरच्या टाकीचा त्यो व्हॉल..."

पारूबाईंची बोटं केसांतून फिरत होती. आम्ही टाकीचं ऐकायला थांबलो. थोड्या वेळानं पारूबाईंनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला जायची खूण केली. काकूंना झोप लागली होती.